शाळेच्या गॅदरिंगला गोदावरीची गोष्ट नाचातून पहिल्यांदाच बसवताय?

ताई, टेन्शन नका घेऊ, गोदावरीची गोष्ट घेतलीत ते बेस्ट केलंत, गौतम ऋषी नि ब्रह्मगिरी (गोदावरी उगम पावते तो डोंगर) नाशकातल्या पोरांना ऐकून माहीत असतात. फक्त सगळं पुराण सांगत बसू नका, तीन प्रसंग खूप झाले, ८ मिनिटांच्या वर गेलं की पोरं चुळबुळायला लागतात.

१. निवेदन आधी मोबाईलवर रेकॉर्ड करा, मग त्यावर नाच बसवा. नवीन लोक नेमकं उलटं करतात नि गोष्ट गाण्याखाली दबते.
२. मदतीला येणाऱ्या पोरांच्या आयांना "जरा बघा हं" म्हणू नका, एकीला विंगेतल्या एन्ट्र्या द्या, दुसरीला फक्त सेफ्टी पिना.

नदीला निळी साडी पुरते, पण तालीम त्याच साडीवर घ्या, आमची गोदामाई पहिल्या वर्षी ऋषींच्या दाढीत अडकली होती. लाइटिंग वगैरे पुढच्या वर्षी बघू.