सात वर्षांचा मुलगा मोबाइल माझ्यापेक्षा झरझर चालवतो. आजची मुलं जन्मतःच इतकी हुशार असतात का?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मुलाने तुमच्या फोनवरची अक्षरं मोठी करून दिली, गायब झालेला आवाज परत आणला, फोन टीव्हीला जोडला, आणि यातलं काहीही त्याला कुणी शिकवलेलं नाही. ‘हे याला येतं कुठून?’ असं तुम्ही विचारलंय. कौतुक तर दिसतंच आहे, त्याच्या आड थोडी धाकधूकही दिसतेय.

मी गेली वीस वर्षं सॉफ्टवेअर लिहून पोट भरतो. तरीही माझी अकरा वर्षांची लेक माझ्या हातातून फोन काढून घेते, ‘बाबा, किती हळू करतोस तू!’ म्हणते आणि काम उरकून तीन सेकंदांत फोन परत देते. तेव्हा मीही तुमच्याच रांगेतला.

तर, जन्मतः नाही. आयफोन आला २००७ साली, आयपॅड २०१० साली. एवढ्याशा काळात माणसाचा मेंदू बदलत नसतो. माझ्या लहानपणी आमच्याकडे व्हीसीआर, म्हणजे व्हिडिओ कॅसेट चालवायचं यंत्र, आला, तेव्हा त्याच्या घड्याळात कित्येक महिने १२:०० हे आकडे नुसते लुकलुकत होते. एका दुपारी मी ते घड्याळ लावलं आणि वडिलांनी पुढचं वर्षभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ते ऐकवलं. त्या यंत्राच्या पोटात काय चालतं याचा मला गंधही नव्हता. मी सगळी बटणं एकामागून एक दाबून पाहिली होती, बस. वडिलांनी दाबली नव्हती, कारण यंत्र त्यांच्या पगारातून आलं होतं, माझ्या नव्हे.

पुढच्या वेळी मुलगा फोन घेऊन बसला की स्क्रीन सोडा, त्याची बोटं बघा. तो एक बटण दाबतो, चुकतं, मागे येतो. दुसरं दाबतो, तेही चुकतं, पुन्हा मागे. पाच-सहा वेळा आपटून सातव्यांदा बरोबर जागी पोचतो, आणि हे सगळं इतक्या वेगात होतं की आपल्याला फक्त ते सातवं दिसतं. आपण मात्र पहिल्याच पाटीपाशी थांबून ती वाचत बसतो. ‘तुम्हाला खात्री आहे का?’ असं फोनने विचारलं की आपण खरोखरच विचारात पडतो. पोरं ते वाचतच नाहीत.

अशी खुडबुड चालते, कारण ती चालावी म्हणूनच हे सगळं बांधलेलं आहे. पूर्वी कॉम्प्युटरला आज्ञा टाइप करून द्यावी लागे आणि एक अक्षर चुकलं तर फाइल कायमची गेली असं होऊ शकत असे. केलेलं मागे घेण्याची सोय, म्हणजे आपण ज्याला ‘अनडू’ म्हणतो ती, १९६८ साली ब्राउन विद्यापीठातल्या एका लेखन-प्रणालीत होती, पण घराघरात पोचायला तिला बराच काळ लागला. १९८३ साली बेन श्नायडरमन या संगणकशास्त्रज्ञाने पडद्यावरच्या वस्तू थेट हाताने हलवण्याच्या पद्धतीबद्दल लिहिलं, तेव्हा तिची लक्षणं सांगताना हे आवर्जून मांडलं की प्रत्येक कृती छोटी, झटपट आणि उलटवता येणारी हवी. परत फिरता येतं हे कळलं की माणसाची भीती जाते आणि तो शोध घेऊ लागतो, हे त्यामागचं गणित. तुमचा मुलगा ते गणित बोटांनी सोडवतोय.

आपली घडण दुसरी. कापडाला कात्री लागली की लागली. शाईने लिहिलेलं खोडलं तरी दिसायचं. कॅमेऱ्याच्या रोलमध्ये छत्तीस फोटो, त्यातला एक वाया गेला की गेला. अशा जगात वाढलेला माणूस बटण दाबण्याआधी थबकतो, तर त्याला मठ्ठ म्हणू नये. (हे मी स्वतःच्या समाधानासाठीही लिहितोय.)

अर्थात निर्भयपणाने सगळा उलगडा होत नाही. लहान मुलं काही बाबतींत खरोखरच आपल्याहून चांगलं शिकतात. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅलिसन गॉप्निक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग मला फार आवडतो. एक डबा, त्यावर ठोकळे ठेवायचे, विशिष्ट ठोकळे ठेवले की डबा उजळतो. साधा नियम असा की अमुक एक ठोकळा ठेवला की दिवा लागतो. आडवळणाचा नियम असा की दोन विशिष्ट ठोकळे एकत्र असतील तरच लागतो. हा दुसरा नियम दाखवणारे पुरावे समोर ठेवल्यावर चार-पाच वर्षांच्या मुलांनी तो पटकन उचलला. कॉलेजचे विद्यार्थी मात्र ‘कुठला तरी एकच ठोकळा असणार’ याच समजुतीला धरून राहिले. त्यांचा अनुभव त्यांना आडवा आला. नवीन अ‍ॅप उघडताना आपलं नेमकं हेच होतं. जुन्यात जिथे होतं तिथेच आपण शोधत राहतो.

शिवाय मुलांकडे वेळ असतो आणि एकमेकं असतात. १९९९ साली सुगत मित्रा या संशोधकाने दिल्लीत कालकाजीला भिंतीत भोक पाडून एक कॉम्प्युटर बसवला आणि वस्तीतल्या मुलांसाठी मोकळा सोडला. ती गोष्ट ‘मुलं आपोआप शिकतात’ म्हणून सांगितली जाते, पण मला त्यातलं महत्त्वाचं वाटतं ते घोळक्याचं. एकाचे हात चालू, बाकीच्यांची तोंडं चालू. तुम्ही म्हणता कुणी शिकवलं नाही. तुम्ही शिकवलं नाही, एवढंच तुम्हाला माहीत आहे. शाळेतल्या मधल्या सुट्टीत काय काय देवाणघेवाण होते ते आपल्या कानावर येत नाही.

थोडं विषयांतर करतो. जपानमध्ये कोशिमा नावाचं बेट आहे. १९५३ साली तिथल्या इमो नावाच्या दीड वर्षाच्या माकडिणीने वाळूने माखलेलं रताळं पाण्यात धुवून खायला सुरुवात केली. हे आधी तिच्या सवंगड्यांनी उचललं आणि तिच्या आईनेही. पाच वर्षांनी संशोधकांनी मोजलं, तर दोन ते सात वर्षांच्या १९ माकडांपैकी १५ रताळी धूत होती आणि त्याहून मोठ्या ११ पैकी फक्त २. मोठी नरमाकडं शेवटपर्यंत वाळू खात राहिली. पिल्लांच्या जवळ बसणाऱ्यांना नवी विद्या मिळाली, असा मी त्याचा अर्थ लावतो. तेव्हा त्या धाकधुकीवरचा माझा पहिला उपाय हाच: जवळ बसा.

आता दुसरी बाजू, कारण तुमचं कौतुक थोडं पुढे धावतंय असं मला वाटलं. ‘हा पुढे कॉम्प्युटरमध्ये नाव काढणार’ असं तुम्ही शेवटी लिहिलंय. काढू दे, आनंदच आहे. पण फोन सफाईने चालवणं आणि कॉम्प्युटर कळणं यांत अंतर आहे. २०१८ साली एका आंतरराष्ट्रीय पाहणीत आठवीच्या ४६ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांना कॉम्प्युटरवर प्रत्यक्ष कामं करायला लावली होती: माहिती शोधा, ती खरी की खोटी पारखा, मांडणी करून दाखवा. सर्वांत वरच्या पातळीला २ टक्के पोचले. १८ टक्क्यांना सर्वांत खालची पातळीही गाठता आली नाही. ही सगळी स्क्रीनसोबत वाढलेलीच मुलं.

घरचं उदाहरण देतो. लेकीने शाळेच्या प्रकल्पासाठी देखणं सादरीकरण केलं, चित्रं हलतात, आवाज येतो, सगळं. ते पेन ड्राइव्हवर घ्यायची वेळ आली तेव्हा मी विचारलं, ‘कुठे सेव्ह केलंस?’ ती म्हणाली, ‘अ‍ॅपमध्ये.’ म्हटलं, कुठल्या फोल्डरमध्ये? तिने माझ्याकडे असं बघितलं, जणू मी तिला पाटी-पेन्सिल आणायला सांगितली. फाइल ही एक वस्तू असते, ती कुठेतरी ठेवलेली असते, तिची नक्कल दुसरीकडे ठेवता येते, हे तिला ठाऊकच नव्हतं, कारण तिला ते कधी दिसलंच नव्हतं. फोनने झाकून ठेवलं होतं. वापरायला जितकं सोपं, तितकं आतलं झाकलेलं.

हे चालून जातं. खरी पंचाईत पुढे झाली.

तिला एका खेळात निरोप आला की अमुक ठिकाणी आपलं नाव आणि पासवर्ड भरला की हजार नाणी फुकट. तिने भरला. दोन वर्षं रात्रंदिवस खेळून जमवलेलं खातं दहा मिनिटांत दुसऱ्याच्या ताब्यात गेलं. रडून लाल झाली. आणि रडताना एक वाक्य सारखं म्हणत होती, ‘मी बॅक केलं ना, मी लगेच बॅक केलं.’ तिच्या दृष्टीने ती चुकून एका खोलीत शिरली होती आणि लगेच बाहेर आली होती. दाराबाहेर आल्यावरही काहीतरी आत राहून जातं, हे तिच्या फोनने तिला कधी सांगितलं नव्हतं. अकरा वर्षांच्या आयुष्यात तिने जे जे दाबलं ते ते उलटवता आलं होतं.

म्हणजे आपली भीती अगदीच टाकाऊ नाही, ती फक्त चुकीच्या जागी बसलीय. अक्षरं मोठी करायला आपण घाबरतो, जिथे काहीच बिघडत नाही. तिकडे पोरं पासवर्ड देताना घाबरत नाहीत, जिथे सगळंच बिघडतं. पैसे पाठवणं, फोटो पाठवणं, परवानगी मागणाऱ्या खिडकीला ‘हो’ म्हणणं, अनोळखी माणसाशी बोलणं, या सगळ्यांची बटणं दिसायला तशीच गोल, गुळगुळीत आणि रंगीत. जीमेलमध्ये पाठवलेली मेल मागे घेता येते, पण तीसुद्धा जास्तीत जास्त तीस सेकंदांत.

हे मला सुचलं नव्हतं. माझ्या आईमुळे सुचलं.

आईला व्हिडिओ कॉल शिकायचा होता. नात शिकवायला बसली. पहिले दोन दिवस ‘दे आजी, मी करून देते’ हेच चाललं होतं. आजीला काही येईना आणि नातीला वाटे आजीला जमणारच नाही. मग मी एक नियम घातला: शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचं. त्यानंतरचा अर्धा तास बघण्यासारखा होता. ‘आजी, ते दाब.’ ‘ते म्हणजे कुठलं?’ ‘अगं, तीन ठिपके.’ ‘मला ठिपके कुठे दिसत नाहीत.’ ‘वर, उजवीकडे.’ ‘हे होय, मला वाटलं स्क्रीनवर घाण लागलीय.’ लेकीला पहिल्यांदा कळलं की आपण काय करतो ते आपल्यालाच सांगता येत नाही. ते बोटांत होतं, शब्दांत नव्हतं. एकदा तर तिने स्वतःचा फोन हातात घेतला, हवेतच बोट फिरवलं, आणि मग आजीला सांगितलं. तुमच्या मुलालाही घरातल्या कुणाला तरी असं शिकवायला लावा. त्याला किती येतं हे तुम्हाला कळेल, आणि त्यालाही.

आईने सगळं वहीत लिहून घेतलं, आकडे घालून. पंधरा दिवसांनी अ‍ॅपचं अपडेट आलं, ठिपके खाली गेले आणि वही निकामी झाली. लेक खूप हसली. पण पुढची पानं लिहिताना ‘उजवीकडे वर’ असं न लिहिता ‘सेटिंग शोध, दात असलेल्या चाकाचं चित्र असतं’ असं तिनेच लिहून दिलं.

आई मात्र प्रत्येक बटणाला एकच प्रश्न विचारायची: ‘हे दाबलं तर परत येता येतं का?’ लेक सुरुवातीला वैतागून ‘येतं गं, येतं’ म्हणायची. खेळाचं खातं गेल्यानंतरच्या आठवड्यात तिने वही उघडली आणि प्रत्येक ओळीपुढे खूण करायला घेतली. परत येता येतं त्याला बरोबरची खूण, येत नाही त्याला लाल गोल. आवाज वाढवणं, खूण. पासवर्ड सांगणं, लाल गोल, दोनदा गिरवलेला. ‘फोटो पाठवणे’ या ओळीवर दोघींचं अडलं. लेक म्हणाली, ‘येतं की परत, सगळ्यांकडून डिलीट करता येतं.’ आई म्हणाली, ‘आणि तोवर समोरच्याने बघितला असेल तर?’ लेक पेन हातात धरून बराच वेळ बसली. मग तिने लाल गोल काढला, पण अर्धाच.