'इश्यू'ला जपानीत एकच पक्का शब्द आहे का?

तुमचा प्रश्न असा: जपानीची एन३ परीक्षा झालीय, ऑफिसचे इंग्रजी रिपोर्ट जपानीत करावे लागतात, तर 'इश्यू'साठी एक पक्का शब्द कोणता? असा शब्द नाही. शोधूही नका.

पुण्यात एका कंपनीत मी अनुवादाचं काम करत होते. आठवड्याच्या रिपोर्टात ओळ होती, 'सर्टिफिकेट इश्यू पेंडिंग'. सर्व्हरचं सर्टिफिकेट मिळायचं बाकी होतं, एवढंच. मी 'हाक्कोऽ-माची' लिहिलं, म्हणजे ते जारी होण्याची वाट पाहतोय. सरांनी शब्दसूची उघडली. तिथे 'इश्यू'पुढे 'मोंदाई', म्हणजे समस्या, होतं. शब्द सगळीकडे सारखा हवा म्हणून त्यांनी माझं खोडून 'मोंदाई' घातलं आणि रिपोर्ट पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला, म्हणजे जपानमध्ये साडेअकराला, ग्राहकाचा कॉल आला. सर्टिफिकेटची समस्या कोणती, कधीपासून आहे, कारण काय, आणि 'साइहात्सु बोऽशी-साकु' काय, म्हणजे पुन्हा होऊ नये म्हणून तुम्ही काय करणार? जे घडलंच नव्हतं त्याची कारणं मी दुभाषी म्हणून चाळीस मिनिटं सांगत बसले. शेवटी सर सगळ्यांसमोर म्हणाले, ट्रान्सलेशनची चूक झाली. मी गप्प बसले, ते अजून सलतंय.

'मोंदाई' तुम्ही परीक्षेच्या पेपरात प्रत्येक भागाच्या डोक्यावर वाचलंय, तिथे तो नुसता 'प्रश्न'. ऑफिसात मात्र त्याचा अर्थ काहीतरी बिघडलंय असा घेतला जातो. पुढे सोडवायच्या कामाला 'कादाई' म्हणतात. तिकडच्या प्रोजेक्टमधली इश्यूंची यादी म्हणजे 'कादाई कान्री-ह्योऽ'. सॉफ्टवेअर नीट चालत नसेल तर 'फुगुआई', सिस्टिमच बंद पडली तर 'शोऽगाई'. मासिकाचा अंक 'गोऽ'. आणि आपण लायब्ररीतून पुस्तक 'इश्यू' करतो ते तर 'काशिदाशी', त्यात इश्यूचा मागमूस नाही. 'इश्यूऽ' असा उसना शब्दही जपानीत आहे, पण तो आधी निकाल लावायला हवा अशा कळीच्या प्रश्नासाठी. बगसाठी वापरू नका.

एका इंग्रजी शब्दापुढे एकच जपानी शब्द लिहिलेली सूची ज्याने बनवली त्याला जपानी येत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. टीमच्या सूचीत अशी ओळ असेल तर तिथे चार ओळी करायला लावा आणि प्रत्येकीपुढे एक पूर्ण वाक्य लिहा. सर म्हणतील, सूची ग्राहकाने मान्य केलीय. आमचेही म्हणाले होते. ग्राहकाने शब्द मान्य केलेला असतो, तो कुठल्याही वाक्यात घुसवायला मान्यता दिलेली नसते.

हो, पेटंट किंवा करारनाम्यात एका संज्ञेला शेवटपर्यंत एकच शब्द ठेवावा लागतो. तिथे माझं ऐकू नका. पण तिथेही अर्थ एकच आहे ना, हे आधी बघा.

आणि ओळ दुहेरी वाटली तर ज्याने इंग्रजी लिहिलंय त्यालाच विचारा: अडकलंय, बिघडलंय, की मिळायचंय? दोन मिनिटांचं काम आहे. त्या दिवशी सरांनी मला ते करू दिलं नाही.