गेलेल्या माणसाचे मासे

घरातलं माणूस गेल्यावर माझ्याकडे समुपदेशनाला येणारे लोक झोपेबद्दल बोलतात, बँकेतल्या कागदांबद्दल बोलतात, आणि निघताना दारापाशी थांबून विचारतात, "त्यांची माशांची टाकी आहे घरात. देऊन टाकली तर चालेल ना?" इतक्या जणांनी हे असंच, चपला घालता घालता विचारलंय की आता मी त्यांना परत बसवते. कपडे, चष्मा, गाडी यांचं काय करायचं हे ठरवायला वर्षभर घेता येतं. माशांना तेवढा वेळ नसतो. म्हणून एका काकूंची हकीकत सांगते. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

काकू साठीच्या, डोंबिवलीच्या. यजमान हृदयविकाराने गेले. मागे दोन टाक्या राहिल्या, एकीत एंजल आणि टेट्रा, दुसरीत एकटा फ्लॉवरहॉर्न. मुलगा म्हणत होता विकून टाकू. काकू हो म्हणायच्या आणि गिऱ्हाईक आलं की दार उघडायच्या नाहीत.

पहिल्याच भेटीत त्या म्हणाल्या, "मॅडम, मी त्यांचे मासे मारले."

झालं असं होतं. तेराव्यानंतर नातेवाइकांनी घर धुऊन काढलं, त्यात एंजलची टाकीही. सगळं पाणी काढलं, खडे आणि फिल्टरचा स्पंज नळाखाली चोळून धुतला, नवं पाणी भरलं. टाकी आरशासारखी लख्ख झाली. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतात तर सहा एंजल मेलेले. उरलेले मासे चार दिवसांत गेले.

मी त्यांना आधी कारण सांगितलं, कारण चुकीच्या माहितीवर बसलेला अपराधीपणा नुसत्या धीराच्या शब्दांनी उठत नाही. टाकीतल्या माशांच्या विष्ठेतून अमोनिया तयार होतो. फिल्टरच्या स्पंजमध्ये राहणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्यापैकी निरुपद्रवी नायट्रेट करतात. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन हे जीवाणू मारतं आणि माशांचे कल्लेही भाजतं. शिवाय बरेच दिवस न बदललेलं पाणी हळूहळू आम्लधर्मी होतं. मासे त्याला सरावलेले असतात. एका दिवसात सगळं पाणी नवं केलं की त्यांना धक्का बसतो. त्यातून जे वाचतात त्यांना पुढे अमोनिया गाठतो, कारण तो संपवणारे जीवाणूच उरलेले नसतात.

काकूंनी विचारलं, "म्हणजे जास्त स्वच्छ केल्यामुळे गेले?"

"हो. आणि ते तुम्ही केलंच नव्हतं. तुम्ही आतल्या खोलीत बसून होतात."

घरात माणूस गेलेलं असताना टाकीसाठी फार थोडं करावं लागतं. फिल्टर बंद करायचा नाही, आवाजाचा त्रास झाला तरी. लाइट जास्त वेळ गेली तर स्पंज बाहेर वाळू द्यायचा नाही, टाकीच्याच पाण्यात सोडून ठेवायचा. खाणं एक दिवसाआड, दोन मिनिटांत संपेल एवढंच. मोठे, धडधाकट मासे आठवडाभर उपाशी राहिले तरी त्यांना काही होत नाही. येणारा-जाणारा प्रत्येकजण कळवळून चिमूटभर टाकतो, तेच कुजतं. पाणी आठवड्याला पाचवा हिस्सा बदलायचं, नव्या पाण्यात आधी अँटीक्लोरचे, म्हणजे क्लोरीन घालवणाऱ्या औषधाचे, थेंब बाटलीवर लिहिलेल्या मापाने घालून. टाकी बरेच महिने दुर्लक्षित असेल तर दहावा हिस्साच, आणि दोन-तीन दिवसांच्या अंतराने. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या बादलीभर पाण्यात, दोनदा पिळून. हीटर असेल तर पाणी काढण्याआधी पंधरा मिनिटं बंद करायचा, गरम काच उघडी पडली की तडकते.

फ्लॉवरहॉर्नच्या टाकीला मात्र काकू कोणाला हात लावू देत नव्हत्या. दिवसातून चार-पाच वेळा मूठभर दाणे टाकायच्या. मुलाला वाटायचं, आईचा जीव आहे त्याच्यावर. मलाही आधी तसंच वाटलं.

पाचव्या भेटीत विचारलं, "खायला टाकून तुम्ही तिथे थांबता का?"

"नाही. टाकते आणि येते."

"का?"

"तो काचेपाशी येतो. बघत राहतो. मला नाही बघवत."

मी काही बोलले नाही. काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, सोडत होत्या, पुन्हा गुंडाळत होत्या. मग म्हणाल्या, "दुकानदार म्हणाला होता, घरावर काही आलं तर हा मासा स्वतःवर घेतो. साडेचार हजार मोजले ह्यांनी. मग घेतलं का नाही? हा जगला."

ही समजूत आपल्याकडे घरोघरी आहे. टाकीतला मासा मेला की म्हणतात, संकट गेलं. त्याची दुसरी बाजू कोणी बोलत नाही, की माणूस गेला आणि मासा राहिला तर त्या माशाकडे बघायचं कसं? मी समजूत खोडली नाही. खोडली असती तर काकू "बरोबर आहे तुमचं" म्हणून गप्प झाल्या असत्या. मी एवढंच विचारलं, "राग फक्त माशावरच आहे?"

बराच वेळ गेला. "ह्यांना तीन दिवस छातीत दुखत होतं. मला सांगितलं नाही. रविवारी पाणी बदलत बसले, बादल्या उचलत."

त्या माणसावर रागावण्याची परवानगी त्यांना कोणी दिली नव्हती. गेलेल्याबद्दल वाईट बोलू नये, असं सगळे सांगतात. मग राग पत्ता शोधतो, कधी डॉक्टरचा, कधी सुनेचा, इथे काचेमागच्या माशाचा. मूठ मूठ दाणे मायेने पडत नव्हते. "विसरा, मन रमवा" या सल्ल्यावर माझा विश्वास नाही. गेलेल्याशी नातं संपत नाही, त्यात भांडायलाही जागा लागते. "मला ह्यांचाच राग आलाय" हे वाक्य मी आधीच काकूंच्या तोंडात घालू शकले असते. पाच भेटी थांबले, आणि थांबले ते बरोबर केलं असं आजही वाटतं.

पुढच्या वेळी त्या म्हणाल्या, "आता तो नुसता मासा दिसतो."

मग देण्याचं बोलणं झालं. मुलाच्या मनात तलावात सोडायचं होतं. काकूंनाही त्यात पुण्य वाटत होतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. टाकीत दाण्यांवर वाढलेला मासा तलावात एक तर मरतो, नाही तर तिथल्या माशांची अंडी-पिल्लं खाऊन माजतो. टाकीतला शोभेचा सकर मासा आज उजनीच्या मच्छीमारांची जाळी फाडतोय. डासांसाठी पालिका गप्पी सोडते, तो दाखला इथे लागू नाही.

आधी मासे द्यायचे, टाकी शेवटी. घेणाऱ्याकडे आधीपासून चालू असलेली टाकी हवी, तिचा फोटो मागावा. फ्लॉवरहॉर्न दुसऱ्या माशांना मारतो, त्याला स्वतंत्र टाकी लागते. दुकानदार बहुतेक वेळा फुकट घेतात, किमतीची अपेक्षा धरू नये. शाळेला देणं ऐकायला छान वाटतं, पण मेच्या आणि दिवाळीच्या सुटीत खायला कोण घालणार ते आधी विचारावं. आशियाई अरोवाना मासा असेल तर खरेदीची कागदपत्रं शोधा. ती संरक्षित जात आहे, 2022 च्या कायदादुरुस्तीनंतर तिची नोंदणी लागते आणि हस्तांतरही कळवावं लागतं, तेव्हा आधी वनविभागात विचारा.

न्यायच्या आधी चोवीस तास खाणं बंद, म्हणजे वाटेत पाणी घाण होत नाही. लहान मासे दुहेरी पिशवीत, एक हिस्सा टाकीचं पाणी, दोन हिस्से हवा, आणि पिशवी अंधारात, थर्माकोलच्या खोक्यात. मोठा मासा झाकणाच्या वीस लिटरच्या बादलीत, बॅटरीवरचा एअर पंप लावून. सकरही बादलीतच, त्याचे काटे पिशवी फाडतात. ओला स्पंज सोबत द्यावा. पोचल्यावर पिशवी वीस मिनिटं पाण्यावर तरंगत ठेवून मग थोडं थोडं नवं पाणी मिसळायचं.

तीन फूट लांब, एक फूट रुंद, दीड फूट उंच टाकीत सव्वाशे लिटर पाणी बसतं, म्हणजे नुसत्या पाण्याचंच सव्वाशे किलो. पाणी आणि खडे पूर्ण काढल्याशिवाय ती हलवू नये, सांधे सुटतात. दोघांनी तळाला हात घालून उचलावी. बरेच दिवस कोरडी पडलेली टाकी देण्याआधी थर्माकोलवर ठेवून दोन दिवस भरून गळते का ते बघावं.

काकूंचा मासा कल्याणच्या एका मुलाने नेला. कालनिर्णयवर यजमानांनी दर रविवारी चौकटीत "पा" लिहिलं होतं, पाणी बदलल्याची खूण. तो कागद काकूंनी फाडून स्वतःकडे ठेवला.

तिसऱ्या दिवशी त्या कल्याणच्या मुलाचा फोन आला, मासा खात नाही म्हणून. जागा बदलल्यावर चार-पाच दिवस असं होतंच. काकू माझ्यासमोरच बसल्या होत्या. त्यांनी फोन कानाला धरून विचारलं, "झाकण लावलंयस ना रे? तो उडी मारतो."