शेती-शंका : तास आडवं, पण पाणी तुंबायला नको

प्रश्न : वावर नाल्याकडे उतरतं. दरवर्षी धुरा (शेताचा बांध) फुटतो, वरची माती नाल्यात जाते. उताराला आडवी पेरणी करा म्हणतात. पण आमची जमीन भारी, झडीत पाणी साचून सोयाबीन पिवळं पडलं तर? (एक वाचक, ता. दारव्हा)

उत्तर : भीती रास्त आहे. काळ्या भारी जमिनीत तासं (पेरणीच्या ओळी) अगदी समपातळीत काढली तर पाणी तुंबणारच. म्हणून तासाला किंचित ढाळ द्यायचा, 10 मीटरला 2 सेंटिमीटर. एवढा ढाळ नजरेनं साधत नाही, पाणनळी लागते. 12 मिलिमीटरची पारदर्शक नळी 15 मीटर घ्या, सारख्या उंचीच्या दोन काठ्यांवर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि नळीची टोकं काठ्यांना बांधून पाणी भरा. आत बुडबुडा राहिला की माप फसतं. टिचक्या मारून आधी हवा काढा. काठी हलवताना दोन्ही टोकं अंगठ्यानं दाबायची, माप घेताना सोडायची.

उताराच्या मधोमध सुरुवात करा. दुसरी काठी उताराला आडवी 10 मीटरवर न्या आणि तिच्यावरचं पाणी पहिलीपेक्षा 2 सेंटिमीटर वरच्या खुणेला दिसेपर्यंत काठी उतारावर वर-खाली सरकवा. तिथे खुंटी ठोका. पुढचं माप त्या खुंटीपासून. खुंट्यांची ओळ फार नागमोडी आली तर जराशी सरळ करून घ्या, नाहीतर ट्रॅक्टरवाला वळणार नाही. पेरणी या ओळीला समांतर. उतार जिथे बदलतो तिथे नवी ओळ आखा.

बहुतेक जण चुकतात ते पुढे. सगळ्या तासांचं पाणी एका कोपऱ्यात येतं, आणि तिथली माती उघडी असेल तर एका पावसात घळ पडते. तासं जिथे संपतात तिथे वरपासून नाल्यापर्यंत दीड-दोन मीटरचा पट्टा वखरू नका. त्यात मारवेल किंवा पवना लावा. हरळी नको, ती पिकात घुसते. पहिला पावसाळा या पट्ट्यात ढोरं सोडू नका.

पेरणीनंतर 30-35 दिवसांनी, वाफसा असताना (माती ओलसर, पण चिखल नसताना), डवऱ्याला (कोळप्याला) दोरी गुंडाळून सऱ्या पाडा : सोयाबीनमध्ये चार तासांआड, कपाशीत दोन तासांआड. ओल्यात डवरा घातला तर ढेकळं निघतात, सरी धड होत नाही.

प्रश्न : धुऱ्यावर तणनाशक मारलं तर चालेल का? मजूर मिळत नाहीत.

उत्तर : काम सोपं होतं, पण धुरा जातो. गवत मेलं की मुळांची पकड सुटते. उघडी काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पहिल्या पावसाचं पाणी भेगेत शिरतं आणि आतून भगदाड पडतं. धुरा फुटायचं हे एक मोठं कारण, आणि दोष मात्र पावसाला. त्यापेक्षा जुलैत धुऱ्यावर वाळा लावा : दोन-तीन फुटव्यांचा चूड, 15 सेंटिमीटरवर एक. खाडे (रोप न जगलेल्या रिकाम्या जागा) त्याच पावसाळ्यात भरा, कारण एका खाड्यातूनही पाणी वाट काढतं. बाकीचं गवत विळ्यानं कापा, उपटू नका.

प्रश्न : फवारणीचा पंप नाल्यात धुतला तर काय बिघडतं?

उत्तर : कपाशीवर मारतो त्या सायपरमेथ्रीनसारख्या औषधाची थोडीशी मात्राही माशांना मारते, आणि ढोरं तेच पाणी पितात. पंप वावरातच तीनदा विसळा, ते पाणी त्याच पिकावर फवारून टाका. रिकामा डबाही तसाच तीनदा विसळायचा, विसळलेलं पाणी पंपात ओतायचं आणि डब्याला भोक पाडायचं, म्हणजे घरी कुणी त्यात पाणी भरणार नाही.