फौजेची 'कमान' कोणाच्या हाती?

'पश्चिम आशियातील अमेरिकी फौजांची कमान नव्या जनरलकडे' अशा धर्तीच्या बातम्यांकडे बोट दाखवून एका वाचकाने विचारले आहे की, ही 'कमान' म्हणजे फारसीतील धनुष्य समजावे काय, आणि मराठीत हा प्रयोग शुद्ध मानावा काय.

दाराची कमान, भुवईची कमान आणि चढती कमान सर्वांच्या परिचयाच्या आहेत, त्यांत वेळ घालवीत नाही. फौजेची कमान या घराण्यातील नव्हे. इंग्रजी 'कमांड' छावणीतल्या हिंदुस्तानीत शिरला, शिपायांच्या जिभेवर त्याचा शेवटचा 'ड' गळाला, 'कमांडिंग ऑफिसर'चा 'कमान अफसर' झाला आणि तेच रूप हिंदी वृत्तपत्रांतून आपल्याकडे आयते आले. सेनापतीच्या हाती धनुष्य असे म्हणून सेनापतित्वाला कमान म्हणू लागले, असे काही विद्वान छातीठोकपणे सांगतात. हिंदीत पक्षश्रेष्ठींना 'आलाकमान' म्हणतात. तो 'हाय कमांड'चा सरळ अनुवाद आहे. या विद्वानांनी तेथेही उंच धनुष्य शोधावे आणि सापडल्यास कळवावे.

खरी गंमत मूळ 'कमांड'मध्ये आहे. त्याच्या पोटात लॅटिनमधील 'मानुस' म्हणजे हात (मराठी माणसाचा येथे संबंध नाही) आणि 'दारे' म्हणजे देणे, आपल्या 'दा' धातूचा भाऊबंद, असे दोन शब्द दडलेले आहेत. म्हणजे कमांड हा मुळात हुकूम नव्हे. ती हाती सोपवलेली वस्तू आहे. आता अरबीतून आलेला आपला 'हवाला' पाहावा. त्याचाही अर्थ सोपवणे असाच आहे, आणि आरोपीला पोलिसांच्या हवाली करताना आपण तो आजही नेमका वापरतो. हवाला धारण करणारा तो हवालदार. शिवकाळात किल्ल्याच्या किल्ल्या ज्याच्या ताब्यात असत, तो हा हवालदार होता. आज तीन फितींवर त्याची बोळवण झाली आहे आणि 'हवाला' म्हटले की लोकांना चोरट्या पैशाची आठवण होते, याचे मला फार वाईट वाटते. 'हाल' आणि त्याचे अनेकवचन 'अहवाल' हे शब्दही याच अरबी धातूतून निघाले आहेत. ज्याच्याकडे हवाला त्याने अहवाल धाडावा, असा संसारच या एका धातूने थाटलेला आहे.

शासकीय परिभाषेचे अभिमानी 'समादेश' सुचवतील. राज्य राखीव पोलीस बलात 'समादेशक' आहेतच. पण समादेशात केवळ आदेश आहे, सोपवणे नाही. आणि परदेशी धाडलेल्या फौजेच्या बाबतीत कोणाला काय सोपवले यावरच सारे अवलंबून असते. अमेरिकेत 1986 च्या गोल्डवॉटर-निकोल्स कायद्याने ही साखळी नक्की केली: राष्ट्राध्यक्ष, त्यांच्याखाली संरक्षणमंत्री आणि त्यांच्याखाली थेट त्या प्रदेशाच्या कमांडचा प्रमुख. भूदल, नौदल आणि इतर दलांनी माणसे भरती करावीत, शिकवावीत, सज्ज करावीत आणि या प्रमुखाच्या हवाली करावीत. पश्चिम आशियासाठी तो सेंट्रल कमांडचा प्रमुख असतो, आणि त्याचे मुख्यालय फ्लोरिडातील टॅम्पा येथे आहे. संयुक्त सेनाप्रमुख मंडळाचे अध्यक्ष सर्वांत ज्येष्ठ लष्करी अधिकारी असले तरी या साखळीत नाहीत. हुकूम त्यांच्यामार्फत जाऊ शकतात, पण ते त्यांचे नसतात. तरीही आपले बातमीदार दर युद्धात त्यांच्याच हाती 'कमान' देतात. शब्द पोकळ असला की अशी चूक कोणाच्या ध्यानातही येत नाही.

त्याहून मौजेची बाब म्हणजे, अमेरिकी लष्करी परिभाषेत प्रादेशिक प्रमुखाचा मूळ अधिकार दुसऱ्याला देताच येत नाही. केवळ मोहिमेपुरते नियंत्रण खालच्या सेनानींकडे देता येते. पहिल्याला 'हवाला' आणि दुसऱ्याला 'ताबा' म्हणावे, असा माझा जुनाच आग्रह आहे. मित्र हसतात, हसोत.

आपल्याकडचे उदाहरण घ्यायचे तर 1987 साली श्रीलंकेत गेलेल्या शांतिसेनेचे घ्यावे. फौज जाफन्यात लढत होती, तिचे मुख्यालय मद्रासला होते आणि सर्वोच्च सेनानी लेफ्टनंट जनरल दीपिंदर सिंग हे पुण्यातील दक्षिण कमांडचे प्रमुख होते. फौजेचा ताबा समुद्रापार आणि हवाला पुण्याच्या लष्कर भागात, असे त्या व्यवस्थेचे वर्णन दोन शब्दांत करता येते. 'कमान' घेऊन ते करून पाहावे.

वाचकांच्या प्रश्नाचे उत्तर राहूनच गेले. 'कमान' हिंदीत रूढ आहे, तेथे तो खुशाल नांदावा. मराठीत तो लिहू नये. 'हवाला' लिहिण्याचा संकोच वाटत असेल तर सरळ 'कमांड' लिहावे, पुणेकर 'सदर्न कमांड' म्हणतातच.