मार्सियानो आणि मेवेदर कधीच हरले नाहीत, मग १९ वेळा हरलेल्या शुगर रे रॉबिन्सनला सर्वकालीन महान बॉक्सर का म्हणतात?

तुम्ही लिहिलंय की खेडच्या तुमच्या व्यायामशाळेत हा वाद मिटतच नाही. रॉकी मार्सियानो ४९-०, फ्लॉइड मेवेदर ५०-०, आणि तरी जुने जाणकार पहिलं नाव घेतात ते रॉबिन्सनचं. मग महानता मोजायची कशावरून?

मी रत्नागिरीत मुलांना बॉक्सिंग शिकवतो. माझं मत आधीच सांगून टाकतो. समोर कोण होता, तो तेव्हा कितपत भरात होता आणि ठरवून आणलेला डाव फसल्यावर बॉक्सरने काय केलं, या तीन गोष्टी मी आधी बघतो. पराभवाच्या रकान्यातला आकडा त्यानंतर. गावच्या मंडळाच्या कबड्डीत एकदाही पकडला न गेलेला गडी आणि जिल्ह्याच्या निवड चाचणीत चारदा पकड होऊनही सामना काढून देणारा गडी, यातल्या कोणाला संघात घेतात हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

आता ते १९ पराभव उघडून बघू. रॉबिन्सनचा जन्म मे १९२१चा. १९पैकी १३ पराभव १९६० पासूनचे आहेत, म्हणजे वयाच्या ३८नंतरचे. १९६५च्या नोव्हेंबरात शेवटची लढत खेळला तेव्हा तो ४४ वर्षांचा होता. उरले ६. पहिला फेब्रुवारी १९४३मध्ये जेक लामोटाकडून. लामोटा १६० पौंडांचा, रॉबिन्सन १४४च्या आसपास, म्हणजे सात किलोंचा फरक. त्यानंतर आठ वर्षं तो एकदाही हरला नाही. जुलै १९५१मध्ये लंडनला रँडी टर्पिनसमोर उतरला तेव्हा त्याच्या नावावर १२८ विजय, १ पराभव आणि २ बरोबरी होत्या. मेवेदरच्या अख्ख्या कारकिर्दीच्या अडीचपट लढती आणि त्यात एक हार. त्या लामोटालाही त्याने एकूण सहापैकी पाच वेळा हरवलं.

सात किलो म्हणजे नेमकं काय, हे स्पॅरिंग (सरावाची लढत) केलेल्या माणसाला पटकन कळतं. नुसता ठोसा जड लागतो एवढंच नाही. जवळ आल्यावर वजनदार माणूस तुमच्या मानेवर, खांद्यावर अंग टाकतो. त्याला ढकलून बाजूला होण्यात तुमचे पाय आणि पाठ दमतात, आणि चौथ्या-पाचव्या फेरीत तुमचा जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा, खाली यायला लागतो. आमच्याकडे स्पॅरिंगला चार किलोंहून जास्त फरकाची जोडी लावत नाहीत ती यासाठीच. म्हणून वरच्या वजनात जाऊन मिळवलेल्या विजयाला मी जास्त गुण देतो. हेन्री आर्मस्ट्राँगने ऑक्टोबर १९३७ ते ऑगस्ट १९३८ या दहा महिन्यांत फेदर, वेल्टर आणि लाइटवेट या तीन वजनगटांची विजेतेपदं घेतली आणि एकाच वेळी स्वतःकडे ठेवली. तेव्हा जगात मुख्य वजनगट आठच होते. आज १७ गट आहेत आणि प्रत्येकात डब्ल्यूबीए, डब्ल्यूबीसी, आयबीएफ, डब्ल्यूबीओ अशा चार संस्थांचे विजेतेपदाचे चार पट्टे. त्यामुळे 'इतक्या गटांत विजेता' हे वाक्य ऐकलं की आधी विचारायचं, पट्टा कोणाकडून घेतला? मॅनी पॅकियाओची आठ गटांतली विजेतेपदं मोठी आहेत, कारण त्या वाटेवर बॅरेरा, मोरालेस, मार्केझ, कोटो अशी माणसं होती.

विक्रमाची यादी वाचायची माझी पद्धत सांगतो. कागदावर करून बघा. प्रत्येक मोठ्या लढतीसमोर चार नोंदी करायच्या. त्या दिवशी दोघांची वयं. दोघांची वजनं. प्रतिस्पर्ध्याच्या आधीच्या पाच लढतींचे निकाल. आणि चौथी नोंद, जी बहुतेक लोक करतच नाहीत: या लढतीनंतर दोन-तीन वर्षांत त्या प्रतिस्पर्ध्याने काय केलं. तो संपलेला होता की अजून त्याच्यात दम होता, हे या चौथ्या नोंदीत दिसतं.

मार्सियानोला ही पद्धत लावा. ऑक्टोबर १९५१मध्ये त्याने हरवलेला जो लुई ३७ वर्षांचा होता, एकदा निवृत्त होऊन परत आलेला होता, आणि त्या रात्रीनंतर पुन्हा उतरला नाही. हा विजय नावाने मोठा, वजनाने हलका. सप्टेंबर १९५५मधला आर्ची मूरही चाळिशीकडे झुकलेला दिसतो, पण चौथी नोंद करा: मूर त्यानंतर कित्येक वर्षं लाइट हेवीवेटचा विजेता राहिला. म्हणजे हा विजय खरा. आणि सप्टेंबर १९५२मध्ये जर्सी जो वॉलकॉटविरुद्ध मार्सियानो पहिल्याच फेरीत खाली पडला, तिन्ही अधिकृत गुणकार्डांवर मागे होता, आणि तेराव्या फेरीत एका उजव्या ठोशाने त्याने विजेतेपद घेतलं. या लढतीमुळे मी त्याला मानतो, ४९-० मुळे नाही. तरीही त्याने विजेतेपद राखलं ते सहा वेळा. जो लुईने २५ वेळा. हेवीवेटमध्ये मी लुई आणि अलीच्या खाली मार्सियानोला ठेवतो.

मेवेदरवर अन्याय करायचा नाही. जानेवारी २००१मध्ये त्याने डिएगो कोरालेसला पाच वेळा खाली पाडलं, तेव्हा कोरालेसही अपराजित होता. बचावात त्याच्या तोडीचे फार थोडे. पुढचा खांदा हनुवटीपर्यंत वर, डावा हात पोटावर आडवा, उजवा पंजा गालाजवळ. उजवा ठोसा आला की खांद्यावरून घसरतो आणि त्याच वळणातून त्याचा उजवा परत येतो. पण नोंदी करा. सॉल अल्वारेझशी लढत झाली २०१३मध्ये, तेव्हा अल्वारेझ २३ वर्षांचा आणि वजन १५२ पौंडांवर बांधून घेतलेलं. पॅकियाओशी लढतीची बोलणी २००९मध्ये सुरू झाली होती, लढत झाली २०१५मध्ये. आणि पन्नासावा विजय कॉनर मॅकग्रेगरवर, ज्याची व्यावसायिक बॉक्सिंगमधली ती पहिलीच लढत होती. महान आहेच. पहिला नाही.

आता माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा भाग: फसलेला डाव.

जानेवारी १९५७मध्ये जीन फुलमरने रॉबिन्सनला १५ फेऱ्यांत हरवलं. फुलमर डोकं खाली घालून अंगावर येणारा, धसमुसळा, आणि त्याआधी कोणी त्याला नॉकआउट केलेलं नव्हतं. चार महिन्यांनी, १ मे रोजी, दुसरी लढत. पाचव्या फेरीत रॉबिन्सन मागे सरकतोय, फुलमर पुढे येतोय. रॉबिन्सन उजवा पोटाकडे घालतो, फुलमरचं लक्ष आणि गार्ड (बचावाला धरलेले हात) तिकडे जातं, आणि मागे सरकत असतानाच डावा हूक, म्हणजे बाजूने वळवून मारलेला ठोसा, हनुवटीवर बसतो. फुलमर उठू शकला नाही. ही फेरी बघताना हाताकडे बघू नका, पायांकडे बघा. मागे जाताना ठोशात जोर नसतो हे आपण मुलांना पहिल्या महिन्यात शिकवतो, आणि ते खरंच आहे, कारण वजन मागच्या टाचेवर गेलेलं असतं. रॉबिन्सनचे पाय क्षणभर रोवले जातात, कंबर वळते, आणि समोरचा स्वतःच्या वेगाने ठोशावर येतो. त्यामुळे जोर दोघांचा मिळून लागतो. हे वयाच्या ३६व्या वर्षाला दोन दिवस कमी असताना.

टर्पिनचंही तसंच. लंडनची हार जुलैची, परतीची लढत सप्टेंबरात. दहाव्या फेरीत रॉबिन्सनच्या डोळ्यावर खोल जखम झाली. रक्तामुळे रेफरी लढत थांबवणार हे दिसत होतं. तो बचावात गेला नाही, त्याच फेरीत टर्पिनला खाली पाडलं आणि लढत संपवली.

अलीचं उदाहरण आपल्या किनारपट्टीच्या माणसाला लवकर समजेल. ३० ऑक्टोबर १९७४, किन्शासा, दमट हवा, पहाटेची वेळ. जॉर्ज फोरमन २५ वर्षांचा, ४० पैकी ४० विजय, त्यात ३७ नॉकआउट. अलीला हरवणाऱ्या फ्रेझरला आणि नॉर्टनला, दोघांनाही त्याने दोन-दोन फेऱ्यांत संपवलेलं. अली ३२ वर्षांचा. पहिल्या फेरीत अलीने जॅब न टाकता थेट उजवा मारायला सुरुवात केली. तो बसत होता, पण फोरमन रिंग कापत, म्हणजे पळायची वाट अडवत, येत होता आणि त्याच्यापुढे १५ फेऱ्या पळत राहणं अलीच्या पायांना झेपणारं नव्हतं. दुसऱ्या फेरीपासून तो दोरांना टेकला. हात उंच, कोपर बरगड्यांवर, अंग मागे झुकलेलं. फोरमन जवळ आला की त्याची मान धरून खाली दाबायची. मधल्या फटीत झटपट उजवा-डावा.

दमट हवेत हे का चाललं? आपल्याकडे ऑक्टोबरात भाट्याच्या पुळणीवर सकाळी साडेसातला धावलात की घाम निथळतो पण सुकत नाही. घाम सुकला नाही तर अंग थंड होत नाही, नाडी खाली येत नाही, आणि एका मिनिटाच्या विश्रांतीत श्वास जागेवर येत नाही. अशा हवेत पूर्ण ताकदीचा ठोसा हुकला की तो बसलेल्या ठोशापेक्षा जास्त दमवतो, कारण हुकलेला हात स्वतःच्या स्नायूंनी थांबवावा लागतो. पाचव्या फेरीनंतर फोरमनचे ठोसे हातानेच येताना दिसतात, त्यात कंबर नाही. आठव्या फेरीत तो पडला.

उकाड्याने रॉबिन्सनलाही एकदा पाडलं आहे. जून १९५२मध्ये न्यूयॉर्कला लाइट हेवीवेटच्या जोई मॅक्सिमविरुद्ध, सुमारे १५ पौंड जास्त वजनाच्या माणसासमोर, तो सगळ्या कार्डांवर पुढे होता. पण गरमी इतकी की रेफरीच दहाव्या फेरीनंतर बदलावा लागला. रॉबिन्सन चौदाव्या फेरीसाठी स्टुलावरून उठू शकला नाही. मध्यम वजनाच्या माणसाने वरच्या गटाच्या विजेत्यावर १३ फेऱ्या वर्चस्व ठेवलं, आणि नोंद झाली ती पराभवाची. तुमच्या 'शून्य पराभव की १९' या वादात या लढतीचा एक पूर्ण पराभव धरला जातो, एवढं लक्षात घ्या.

रॉबेर्तो दुरानने तर नोव्हेंबर १९८०मध्ये शुगर रे लेनर्डपुढे आठव्या फेरीत स्वतः लढत सोडली. बॉक्सिंगमध्ये यापेक्षा मोठी नामुष्की नाही. तरी तो माझ्या पहिल्या दहात आहे: १९७२मध्ये लाइटवेटचा विजेता झालेला हा माणूस ३७व्या वर्षी, फेब्रुवारी १९८९मध्ये, इरान बार्कलीला अकराव्या फेरीत खाली पाडून आणि गुणांवर हरवून मिडलवेटचा विजेता झाला. बार्कलीने आदल्याच वर्षी टॉमी हर्न्सला तीन फेऱ्यांत संपवलं होतं.

नॉकआउटची टक्केवारी मी फारशी धरत नाही, कारण दुबळे प्रतिस्पर्धी निवडून ती हवी तेवढी वाढवता येते. मेरी कोमची सहा जागतिक सुवर्णपदकं या तराजूत घालू नका. हौशी बॉक्सिंग तीन-चार फेऱ्यांचं, तिथे वेग आणि स्वच्छ ठोसा जिंकतो, १२-१५ फेऱ्यांचा दमसास मोजलाच जात नाही. तिथली महानता वेगळी आणि तेवढीच खरी.

तुमच्या मुलांना निवडक क्षणांचे तुकडे दाखवणं बंद करा. त्यात फक्त बसलेले ठोसे असतात. पूर्ण लढत लावा, आवाज बंद ठेवा, कारण समालोचक आणि प्रेक्षकांचा गलका तुमचं मत बनवतो. प्रत्येक फेरीनंतर थांबवून गुण लिहा: जिंकणाऱ्याला १०, हरणाऱ्याला ९, खाली पडला तर ८. गार्डवर आपटलेला ठोसा धरायचा नाही. पहिल्या तीन फेऱ्यांत बघा की जॅब मारून हात गालापर्यंत परत येतो की छातीशीच राहतो. सातव्या फेरीनंतर तोच हात पुन्हा बघा. दमल्यावरही जो हात गालावर परत येतो, तो बॉक्सर वरच्या दर्जाचा. पुढचा पाय प्रतिस्पर्ध्याच्या पायाच्या बाहेर पडतो की आत, हेही टिपा. समोरचा डावखुरा असेल तर त्यावरच अर्धी लढत ठरते.

सुरुवात ८ मार्च १९७१च्या अली-फ्रेझर लढतीने करा. १५ फेऱ्यांची कार्डं प्रत्येकाने स्वतंत्र भरायची, एकमेकांना दाखवायची नाहीत. तिन्ही अधिकृत कार्डं फ्रेझरच्या बाजूची होती. तुमच्यापैकी कोणाचं अलीच्या बाजूने आलं तर अकरावी आणि पंधरावी फेरी पुन्हा लावा आणि या वेळी फक्त फ्रेझरच्या डाव्या हाताकडे बघा.