सायकलवर ठोके एकदम १८५ वर जातात, ईसीजी मात्र नॉर्मल. सायकल बंद करू का?

(प्रश्न : वय ६१, धुळे. आठवड्यातून चार दिवस ४०-५० किमी. महिन्यातून एखाद-दोनदा छातीला बांधायचा, ठोके मोजणारा पट्टा अचानक १८५ दाखवतो, धडधडतं.)

'ईसीजी नॉर्मल' वाचलं आणि लिहायला बसलो. साधा ईसीजी म्हणजे दहा सेकंदांची नोंद. धडधड शनिवारी लळिंग घाटात झाली, कागद सोमवारी पलंगावर पडून काढला. त्यात शनिवार कुठून दिसणार?

आधी पट्टा. पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत, घाम यायच्या आधी आकडा उडाला तर बहुतेक वेळा पट्टाच खोटं बोलतो : कोरडी कातडी, फडफडणारी सिंथेटिक जर्सी. पॅड ओले करून बांधा. पण अंग भिजलेलं, पाय थांबलेले आणि तरी १८०, तर पट्ट्याला दोष देऊ नका.

आमच्या सायकल ग्रुपमधल्या ६३ वर्षांच्या काकांची राइडची फाईल (पट्ट्याची नोंद) अशीच आहे. चढावर १२८, १३५, १४८ असा आकडा हळूहळू वाढला. माथ्यावर पाणी प्यायला थांबले आणि दोन सेकंदांत १७९. पुढची अकरा मिनिटं १५० ते १९० मध्ये नाचला, मग ११२. २२० वजा वय (म्हणजे जास्तीत जास्त ठोके) केलं तर १५७ येतात. हिशोब ढोबळ आहे, पण उभ्या उभ्या १९० कोणत्याच हिशोबात बसत नाही. आकडा बटण दाबल्यासारखा चालू-बंद होऊन मध्ये एकाच जागी टिकत असेल तर एसव्हीटीचा (अचानक सुरू होणारे जलद पण एका लयीतले ठोके) संशय, असा नाचत असेल तर एट्रियल फिब्रिलेशनचा (हृदयाच्या वरच्या कप्प्यांची बेताल थरथर). ग्रुपचं निदान : "पट्टा बदला, भो!" दोन बदलले. २४ तास अंगावर बांधून ईसीजी नोंदवणारा होल्टरही कोरा, कारण त्या दिवशी ठोके शहाण्यासारखे वागले. शेवटी धडधड चालू असताना घड्याळावर काढलेली ३० सेकंदांची ईसीजी पट्टी कामाला आली : दोन ठोक्यांमधलं अंतर कुठेच सारखं नाही, पी लहर (वरच्या कप्प्यांच्या ठोक्याची खूण) गायब, म्हणजे फिब्रिलेशन.

तुम्हीही तेच करा. धडधडलं की उतरा, सावलीत बसा, मनगटाची नाडी पूर्ण ६० सेकंद मोजा (१५ सेकंद गुणिले ४ इथे फसवतं), पट्टी काढा, वेळ लिहा. छातीत दुखलं, चक्कर आली, धाप थांबेना, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला तर १०८.

"रोज सायकल चालवणाऱ्याला हृदयाचं काही होत नाही" हेही ग्रुपवरच ऐकलेलं. स्वीडनच्या वासालोपेट स्की शर्यतीतल्या ५२,७५५ जणांचा अभ्यास २०१३ मध्ये आला. जास्त शर्यती केलेल्यांत आणि जास्त वेगवानांत ठोक्यांच्या गडबडी जास्त निघाल्या. वर्षानुवर्षांच्या दमछाकीनं अलिंद (हृदयाचा वरचा कप्पा) ताणून मोठं होतं. आणि पोटॅशियमसाठी खाल्लेल्या केळ्यांनी हे बरं होत नाही, जळगावची असली तरी. टेल्मिसार्टन किंवा रॅमिप्रिल (बीपीच्या गोळ्या, पोटॅशियम वाढवू शकतात) चालू असेल तर पोटॅशियमच्या पुड्या मनानं अजिबात घेऊ नका.

सायकल? निदान होईपर्यंत घाट बंद, एकट्यानं जाणं बंद. सपाटीवर, बोलता येईल इतक्याच वेगानं. चक्कर येत असेल तर तेही नाही. फिब्रिलेशन निघालं तर रक्त पातळ करणारी गोळी लागेल की नाही हे वय, बीपी, शुगर बघून ठरतं. तुमचा सरासरी वेग तिथे कोणी विचारत नाही. बीपी, थायरॉइड, घोरणं, दारू हेही तपासून घ्या. उपचारानंतर बरेच जण परत सायकलवर येतात.

मी डॉक्टर नाही, होल्टर लावणारा टेक्निशियन आहे. गोळ्यांचं हृदयरोगतज्ज्ञांनाच विचारा. जाताना राइडची फाईल आणि ती पट्टी छापून न्या. आणि पट्ट्यातली सीआर२०३२ बॅटरी आजच बदला, नाहीतर ग्रुपवाले तेच धरून बसतील.